जप्ती आणि कारागिराचे हत्यार

हुकूमनामा हाती असून ज्याचा पैका वसूल होत नाही, त्या व्यापाऱ्याचे गाऱ्हाणे खोटे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जप्ती म्हणजे लूट नव्हे. १८७५ साली सुप्यास रयतेने सावकारांच्या वह्या व रोखे जाळले, तेव्हा कोठे १८७९ च्या कायद्याने पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याची पैशाच्या हुकूमनाम्यापायी होणाऱ्या कैदेतून सुटका झाली. १९०८ च्या दिवाणी संहितेचे ६० वे कलम ऋणकोचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्यास लागणारे औत, बैल, बियाणे आणि कारागिराची हत्यारे जप्तीबाहेर ठेवते. सूर्यास्तानंतर तर बेलिफास राहत्या घरात शिरताही येत नाही. चाकणच्या कांदेकरी शेतकऱ्यास या शब्दांत आधार सापडतो. भोसरीत एकच लेथ यंत्र घेऊन स्वतः राबणाऱ्याने काय करावे? त्याचे यंत्र ‘हत्यार’ की नुसता माल, हे कलम सांगत नाही. बँकेस तारण दिलेले यंत्र असेल तर गोष्ट निराळी. पण एरवी ते भंगाराच्या भावाने लिलावात गेले, तर उरलेली बाकी ऋणकोने कशाच्या बळावर फेडावी? संसदेने अशा एका यंत्रास नाव घेऊन सूट द्यावी. तोवर व्यापारी बंधूंनी वकिलास एवढे विचारावे: धनकोची संमती असल्यास, ऋणकोच्या अर्जावरून, हुकूमनाम्यानंतरही न्यायालय हप्ते बांधून देऊ शकते.