‘ॲनो डोमिनी’ : अर्थ व उगम

आपल्या कॅम्प ४ पासून जवळच, वालधुनी नदीच्या काठी, अंबरनाथाचे पुरातन शिवालय उभे आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी असा काल कोरलेला आहे. प्रारंभी हा आकडा ७८२ असा वाचला गेला होता. पुढे अधिक बारकाईने पाहता तो ९८२ ठरला. एका अंकाने देवालयाचे वय दोनशे वर्षांनी बदलले! परंतु अंक बरोबर वाचूनही काम संपत नाही. वर्षे कोठून मोजली, हे कळल्यावाचून आकडा मुकाच राहतो. शालिवाहन शक व इसवी सन यांत ७८ वर्षांचे अंतर आहे. म्हणून श्रावणातील ह्या तिथीचे वर्ष इ. स. १०६० होय. तिथी जानेवारी ते फाल्गुन अखेर यांमधील असती, तर ७९ मिळवावे लागले असते.

आता हा इसवी सन तरी कोठून आला? रोम शहरी डायोनिशियस एक्झिग्युअस नावाचा एक मठवासी होता. इ. स. ५२५ मध्ये तो ईस्टर सणाच्या तारखांचे कोष्टक करीत होता. पूर्वीच्या कोष्टकांत वर्षे डायोक्लेशन बादशहाच्या कारकिर्दीपासून मोजलेली असत. ह्याच बादशहाने ख्रिस्ती लोकांचा क्रूर छळ केला होता. अशा छळकाची आठवण सणाच्या कोष्टकात नको, म्हणून डायोनिशियसने २४७ व्या वर्षापुढे २४८ न लिहिता ख्रिस्तजन्मापासूनचे ५३२ लिहिले. ह्या गणनेस लाटिन भाषेत ‘ॲनो डोमिनी’ म्हणतात. ‘ॲनो’ म्हणजे वर्षी, ‘डोमिनी’ म्हणजे प्रभूच्या. अर्थात ‘प्रभूच्या वर्षी’. बीड नावाच्या इंग्लिश मठवासीने इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात ती वापरली, आणि पुढे ती युरोपभर पसरली. आपला मराठी शब्दही हेच सांगतो : ‘सन’ म्हणजे वर्ष व ‘इसवी’ म्हणजे ईसाचा, दोन्ही शब्द अरबीतून आलेले.

ह्या गणनेत शून्य वर्ष नाही. इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १ येते. म्हणून इ. स. पूर्व ५ पासून इ. स. ५ पर्यंत दहा नव्हे, नऊच वर्षे होतात. आणि एकविसावे शतक २००० साली नव्हे, तर १ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले.

आणखी एक गोष्ट. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला. आणि बहुतेक पंडितांच्या मते हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. तेव्हा डायोनिशियसची गणना काही वर्षांनी चुकली, हे उघड आहे. तरी व्यवहार अडत नाही. कारण सर्वजण एकाच खुणेपासून मोजतात.

आपल्या नगरात शाळेच्या दाखल्यावर इसवी सन, मराठी पंचांगात शके व सिंधी घरांतील पंचांगात विक्रम संवत, असे तिन्ही आकडे शेजारी नांदतात. तेव्हा बाळांनो, जुना कागद किंवा शिलालेख हाती आला, तर आकड्यास घाई करू नका. आधी विचारा : हा सन कोणाचा?