बंदरावरचा वेल्डर आणि न दिसणारा ओलावा

मांजर्लीला समुद्र नाही. येथून माझगावच्या गोदीत कामाला जायचे, तर पहाटेची लोकल धरून सँडहर्स्ट रोडला गाडी बदलावी आणि डॉकयार्ड रोडला उतरावे लागते. १७७४ साली एका लहान कोरड्या गोदीपासून सुरू झालेला हा कारखाना १९६० साली शासनाच्या ताब्यात आला. १९७२ साली नौदलात दाखल झालेली ‘नीलगिरी’ ही युद्धनौका आणि १९९२ साली दाखल झालेली ‘शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, दोन्ही येथेच घडल्या.

अशा नौकेचे जाड पोलादी पत्रे एकसंध करणारा कारागीर म्हणजे वेल्डर. ठिणग्या पाहून त्याचा सामना आगीशी आहे, असे आपणांस वाटते. वस्तुतः त्याचा मोठा वैरी पाणी आहे, तेही डोळ्यांना न दिसणारे. वेल्डिंगच्या रॉडवरील लेप बंदराच्या दमट हवेतील ओलावा शोषून घेतो. विजेच्या प्रखर उष्णतेत त्या पाण्यातून हायड्रोजन सुटून वितळलेल्या पोलादात शिरतो व त्याला ठिसूळ करतो. सांधा थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, आत बारीक तडा जातो. तोवर कारागीर घरी पोहोचलेला असतो!

म्हणून असे रॉड भट्टीत साधारण ३५० अंश सेल्सिअसला वाळवतात, गरम पेटीत ठेवतात आणि लागतील तसे काढतात. जाड पत्राही आधी तापवून घेतात. शेवटी क्ष-किरणांनी वा ध्वनिलहरींनी सांध्याची परीक्षा होते. पावसाळ्यात ही शिस्त मोडण्याचा मोह फार, कारण ओल्या रॉडचा सांधाही वरून सुबक दिसू शकतो.

जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टॅडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभे असताना मध्यावर दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद व सदोष वेल्डिंग ही त्याची कारणे ठरली. रिव्हेट ठोकलेल्या जहाजात तडा बहुधा पत्र्याच्या कडेशी थांबे. वेल्डिंगच्या एकसंध अंगात त्याला अडवणारे काहीच नव्हते.

कारागिराच्या देहालाही जपावे लागते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने सायंकाळी थंडीताप भरतो. टाकीसारख्या बंदिस्त जागेत हवा खेळती नसेल, तर जीवही जाऊ शकतो. काच न लावता क्षणभर पाहिलेली ज्योत रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपते. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या ठेवीत बसण्यापेक्षा नेत्रवैद्य गाठलेला बरा.