वाकड्या दातांची चिठ्ठी

दातांना तार लावणे ही हौस, असे अनेकांना वाटते. पण वरचे दात 6 मिलिमीटरहून जास्त पुढे आले असतील, तर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतही मूल उपचाराला पात्र ठरते.

आपल्याकडे सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांसाठी सरकारी दार म्हणजे 2013 पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. वय 18 पर्यंत, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणी. दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत नावानिशी आहेत. असा दुभंग असलेल्या मुलाला सुळा येण्याआधीच पाठवावे, कारण दुभंगलेल्या हिरडीत हाड भरण्याची वेळ साधारण 8 ते 11 वर्षांची. ती चुकली की काम अवघड होते.

तारेचा विभाग सरकारी दंत महाविद्यालयांत असतो: छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मुंबई. सातपुड्यातून तिथे दीड-दोन वर्षे, जवळपास दर महिन्याला जायचे! म्हणून पाठवण्याआधी कीड भरा, हिरड्या स्वच्छ करा. मुलासोबत द्यायच्या चिठ्ठीत ‘दात वाकडे’ एवढेच नको. वय, वरचे दात किती मिलिमीटर पुढे आहेत ते माप, उरलेले दुधाचे दात आणि दहाव्या वर्षी सुळा हिरडीत हाताला लागतो का, हे हवे. आणि पालकांचा चालू मोबाइल नंबर लिहायला विसरू नका.