पॉवर स्टिअरिंग : गंजलेल्या बोल्टचे दुखणे

पॉवर स्टिअरिंगच्या दुरुस्तीचे बिल हाती पडते तेव्हा गाडीमालकाचे लक्ष पंप, रॅक आणि ऑइल यांच्या किमतीकडे जाते. मजुरीचा आकडा पाहून मात्र त्याच्या कपाळावर आठी उमटते. चार बोल्ट काढून पंप बदलायला एवढा वेळ कसा लागतो, असा प्रश्न त्याला पडतो. या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या चार बोल्टांमध्येच दडलेले असते. पाच-सात पावसाळे पाहिलेल्या गाडीत नवा पंप बसविणे हे तुलनेने सोपे काम आहे. कठीण असते ते जुना पंप सोडविणे. हे काम नीट झाले की घाईत उरकले गेले, यावर गाडीत बसणाऱ्यांची सुरक्षितता अवलंबून असल्यामुळे त्यामागचे शास्त्र मालकानेही समजून घेणे हिताचे आहे.

पंप महत्त्वाचा की बोल्ट?

अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये मोटारीसाठी द्रवशक्तीवर चालणारी स्टिअरिंग यंत्रणा तयार करून दाखविली. प्रवासी मोटारीत ती विक्रीसाठी प्रथम आली ती १९५१ मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल या गाडीत. या यंत्रणेत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप ऑइलला प्रचंड दाब देतो आणि तो दाब चाके वळविण्यास मदत करतो. अलीकडच्या बहुतेक नव्या मोटारींत पंपाची जागा विजेच्या मोटरने घेतली असली, तरी रॅक, टाय रॉड आणि त्यांना धरून ठेवणारे बोल्ट दोन्ही प्रकारांत आहेतच.

येथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पंप बंद पडला, तर स्टिअरिंग जड होते. पण चाक आणि चालकाचे हात यांतील यांत्रिक जोड कायम राहतो आणि गाडी सावकाश का होईना, बाजूला घेता येते. याउलट रॅक चेसिसला जखडणारा बोल्ट तुटला किंवा स्टिअरिंगचा दांडा रॅकला जोडणारा बोल्ट निसटला, तर गाडी चालकाच्या ताब्यातच राहत नाही. म्हणजे हजारो रुपयांच्या पंपापेक्षा काही रुपयांचा बोल्ट अधिक मोलाचा ठरतो.

बोल्ट जाम का होतो?

बोल्ट आवळताना आपण जी ताकद लावतो, तिचा जेमतेम दहावा हिस्सा दोन भाग एकमेकांवर दाबून धरण्याच्या कामी येतो. उरलेली सारी शक्ती बोल्टच्या डोक्याखालचे आणि आट्यांमधले घर्षण खाऊन टाकते. त्यामुळे घर्षण थोडे जरी वाढले, तरी बोल्ट सोडविण्यासाठी लागणारा जोर कितीतरी वाढतो. गंज नेमके हेच करतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील फट मुळातच अतिशय अरुंद. त्यात हा फुगलेला गंज पाचरीसारखा घट्ट बसतो.

पंपाचे ब्रॅकेट बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादी. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारट ओलावा असेल, तर तेथे एखाद्या छोट्या बॅटरीसारखी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तिच्यात अॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी आट्यांत साचते. मुंबई, कोकण, गोवा येथील खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे बोल्ट अधिक त्रास देतात, याचे कारण हेच आहे.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ

बोल्ट हलत नाही असे दिसताच पान्याला लांब पाइप लावून झटका देणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय होय. गणित साधे आहे. ८ मिलिमीटर जाडीचा नेहमीचा बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटर इतकाच आवळलेला असतो. अर्ध्या मीटरच्या पाइपवर २० किलोचा भार टाकला, तर जवळजवळ १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. इतक्या पिळाने बोल्ट सुटण्याऐवजी तुटण्याचीच शक्यता अधिक. मग अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते.

म्हणूनच जाणकार मेकॅनिक क्रमाने जातो. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. गाडीखाली शिरायचे असेल, तर केवळ जॅकवर विसंबून न राहता तिला भक्कम स्टँडचा आधार द्यायचा. तारेच्या ब्रशने बोल्टचे डोके आणि दिसणारे आटे स्वच्छ करायचे. त्यानंतर गंजात मुरणारे पातळ तेल सोडायचे आणि थांबायचे. हे तेल केशाकर्षणाने सूक्ष्म फटींत शिरते. त्याला वेळ द्यावाच लागतो. आदल्या संध्याकाळी तेल सोडून सकाळी काम सुरू करणे उत्तम. मधून मधून डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिल्यास गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

पान्याची निवडही तितकीच महत्त्वाची. फिक्स पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो, तर स्क्रू पाना सैल बसून कडा गोल करतो. येथे सहा कोनांचा, अचूक मापाचा बॉक्स पानाच हवा. उच्च दाबाच्या ऑइल पाइपचे नट मऊ असतात. त्यांच्यासाठी एका बाजूने उघडा असलेला खास रिंग पाना मिळतो. तो न वापरल्यास नट तर खराब होतोच, शिवाय पाइपही पिळला जातो. जोर लावताना बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा, मग सोडण्याच्या. थोडा सुटला की पुन्हा किंचित आत न्यावा, तेल सोडावे आणि पुन्हा बाहेर आणावा. अशा ये-जा करण्याने गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर पडते. टाय रॉडच्या काही जोडांत उलटे आटे असतात. तेव्हा सोडतो आहोत असे समजून आपण आवळत तर नाही ना, याची आधीच खात्री करून घ्यावी.

उष्णतेचा उपाय आणि धोका

तेलाने काम भागले नाही, तर उष्णतेचा आधार घ्यावा लागतो. पोलादापेक्षा अॅल्युमिनियम उष्णतेने जवळपास दुप्पट प्रसरण पावते. १० मिलिमीटरचे अॅल्युमिनियमचे छिद्र १५० अंशांनी तापविले, तर ते सुमारे ०.०३५ मिलिमीटरने मोठे होते. हे अंतर केसाच्या जाडीच्या निम्मेच. पण गंजाची पकड सुटायला तेवढे पुरते. म्हणून शक्यतो बोल्ट न तापविता त्याच्याभोवतीचा भाग तापवावा. तापलेल्या आट्यांवर मेणबत्ती टेकविली की वितळलेले मेण आत ओढले जाते, ही कारागिरांची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

मात्र स्टिअरिंगजवळ ज्योत पेटविणे हा खेळ नव्हे. पॉवर स्टिअरिंगचे ऑइल ज्वलनशील असते. रबरी पाइप, सील आणि रॅकचे रबरी बूट उष्णतेने निकामी होतात. ऑइल काढून, पाइप बाजूला करून आणि अग्निशामक जवळ ठेवूनच हे काम व्हावे. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या भागावर ज्योत किंवा वेल्डिंग चालविल्यास फॉस्जिन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

डोक्याच्या कडा गोल झाल्या असतील, तर त्यावर नवा नट वेल्ड करून बोल्ट फिरविता येतो. वेल्डिंगची उष्णता येथे दुहेरी उपयोगी पडते. बोल्ट तुटलाच, तर मधोमध पंच मारून, सरळ ड्रिल करून एक्स्ट्रॅक्टरने तुकडा काढावा लागतो. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण पोलादाचा असतो. तो आतच मोडला, तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही. आटे गेले असल्यास तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसविता येतात. पंपाच्या ब्रॅकेटसाठी ही दुरुस्ती चालते. स्टिअरिंगचा दांडा आणि रॅक यांच्या जोडावर मात्र असा प्रयोग करू नये, तेथे भागच बदलावा.

जुना बोल्ट पुन्हा नको

खरी कसोटी बोल्ट निघाल्यानंतर लागते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ते त्याच्या पोलादाची ताकद सांगतात आणि ती ताकद विशिष्ट उष्णताप्रक्रियेतून आलेली असते. लालबुंद होईपर्यंत तापलेला बोल्ट वरून शाबूत दिसला, तरी त्याची ती ताकद गेलेली असते. तापविलेला, पिळलेला किंवा आटे खाल्लेला बोल्ट स्टिअरिंगमध्ये पुन्हा लावणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरतो. त्याच मापाचा, त्याच ताकदीचा नवा बोल्ट हवा आणि तो उत्पादकाने दिलेल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच आवळायला हवा. आट्यांना गंजरोधक वंगण लावले असेल, तर घर्षण घटते. त्याच आकड्यापर्यंत आवळल्यास बोल्टवर जादा ताण येतो. म्हणून उत्पादकाने सांगितले असेल तेथेच ते लावावे.

दांडा सुटा असताना स्टिअरिंग फिरू देऊ नये. ते फिरले, तर एअरबॅगकडे जाणारी आतील गुंडाळलेली वायर तुटू शकते. जोड सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करावी, टाय रॉडचे फेरे मोजून ठेवावेत आणि काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.

गाडीमालकाच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली, संध्याकाळपर्यंत गाडी हवीच असा आग्रह न धरणे. कारण घाईची किंमत अनेकदा तुटलेल्या बोल्टच्या रूपाने मोजावी लागते. दुसरी, काढलेले बोल्ट दाखविण्यास सांगणे आणि त्यांच्या जागी कोणते बसविले हे विचारणे. नव्या बोल्टांचा खर्च बिलात दिसला, तर तो वायफळ समजू नये. घाटातल्या वळणावर चाक आपल्या हाताचे ऐकते, ते याच बोल्टांच्या भरवशावर.