कायरोप्रॅक्टिक : दावा आणि प्रत्यय

कमरेत उसण भरली असता पायाळू माणसाचा पाय तिथे लावून घ्यावा म्हणजे ती उतरते, अशी समजूत महाराष्ट्राच्या खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आणि ज्यांनी हा उपाय केला त्यांतल्या पुष्कळांची उसण चार-आठ दिवसांत उतरली, हेही अविश्वसनीय नाही. कारण कमरेचे साधे दुखणे, कोणी पाय लावो अथवा न लावो, बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत वा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. देहाचा हा स्वभाव नीट ध्यानात घेतल्यावाचून, अमेरिकेत जन्मलेल्या आणि आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही दवाखाने थाटून बसलेल्या कायरोप्रॅक्टिक नावाच्या, मणक्यांवर हातांनी उपचार करणाऱ्या पद्धतीचा न्याय्य विचार करता येत नाही. कारण या पद्धतीचे भाबडे भक्त आणि तिचे कठोर निंदक, दोघेही याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

ही विद्या अतिप्राचीन आहे, असे पुष्कळ लोक मानतात. हातांनी सांधे ओढणे, दाबणे, जागेवर बसवणे हे कर्म प्राचीन आहे यात संशय नाही. हाडवैद्य आपल्याकडे होते, युरोपात होते, आणि प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही पाठीचा कणा ताणण्याच्या युक्त्या वर्णिलेल्या आहेत. परंतु कायरोप्रॅक्टिकचा जन्म कोठे आणि केव्हा झाला हे तिचे अनुयायीच तारीखवार सांगतात : 18 सप्टेंबर 1895, मिसिसिपी नदीच्या काठचे डॅव्हनपोर्ट, आयोवा. डॅनियल डेव्हिड पामर हा 1845 साली कॅनडात जन्मलेला गृहस्थ त्या गावी चुंबकीय शक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत असे. ज्या इमारतीत त्याचा दवाखाना होता तिची झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय इसम बरीच वर्षे बहिरा होता. त्याच्या पाठीतला एक मणका पामरला उचललेला आढळला, तो त्याने दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले, अशी पामरची स्वतःची कैफियत आहे. श्रवणाचा मज्जातंतू आंतरकर्णापासून कवटीच्या आतूनच मेंदूच्या देठाकडे जातो, पाठीच्या मणक्यांशी त्याचा संबंध येत नाही, हे शरीररचनाशास्त्र त्या काळीही जाणत होते. असे असता या एका घटनेवर पामरने केवढी इमारत उभारली पाहा : शंभरांतले पंचाण्णव रोग मणके जागचे हलल्यामुळे होतात, हललेला मणका मज्जातंतूंच्या कार्यात विक्षेप आणतो, आणि तो जागेवर बसवला की देहात वसणारी जन्मजात प्रज्ञा उरलेले काम स्वतःच पार पाडते, असे त्याने प्रतिपादन केले. 1897 साली त्याने शाळा काढली, आणि 1906 साली परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल त्याला तुरुंगवासही घडला.

मणका जागचा सरकतो आणि तो हातांनी परत बसवला जातो, ही कल्पना आज आपल्या लोकांच्या मनात फार खोल रुजलेली आहे, कारण ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ ही भाषा घरोघर बोलली जाते. वस्तुतः मणके परस्परांशी चिवट अस्थिबंधांनी, सांध्यांनी आणि मधल्या गाद्यांनी असे जखडलेले असतात की निरोगी कण्यातला मणका बोटाच्या नेटाने हलावा आणि बोटाच्याच नेटाने परत बसावा, हे संभवत नाही. गाद्यांची झीज होते हे खरे. पण झीज आणि वेदना यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही. ज्यांना पाठीची कसलीही तक्रार नाही अशा 3000 हून अधिक माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या शंभरांपैकी सुमारे 37 जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरातल्यांत हे प्रमाण 96 पर्यंत पोचले. तेव्हा कोणी फोटो उजेडावर धरून एखाद्या काळसर गादीकडे बोट दाखवले म्हणजे दुःखाचे मूळ सापडलेच, असे मानू नये. खुद्द ब्रिटनमधल्या या व्यवसायाच्या वैधानिक परिषदेने 2010 साली असा खुलासा केला की, सरकलेल्या मणक्याची ही उपपत्ती ऐतिहासिक स्वरूपाची असून ती रोगाचे कारण असल्याचा दावा करण्याजोगा पुरावा उपलब्ध नाही.

मग तो ‘कट्ट’ असा आवाज कशाचा, जो ऐकूनच रोग्याला अर्धे बरे वाटते? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो; सांधा झटक्याने ताणला गेला की आतला दाब एकाएकी उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी निर्माण होते. बोटे मोडताना हेच घडते, आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली चालत्या एमआरआय चित्रांत ती पोकळी प्रत्यक्ष टिपली. आवाज झाला म्हणून हाड बसले असे नव्हे; आणि आवाज झाला नाही म्हणून उपचार फसला असेही नव्हे.

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की हा सारा व्यवहार पोकळ आहे, तर तोही दुसरा गैरसमजच ठरेल, आणि तो दूर करणे मला तितकेच अगत्याचे वाटते. उपपत्ती चुकीची असूनही क्रिया उपयुक्त ठरू शकते. 2017 साली 26 चाचण्यांचा एकत्रित विचार करणारा जो अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत मणक्यांवरील हस्तोपचाराने वेदना आणि हालचाल यांत माफक सुधारणा आढळली; दीर्घकाळच्या कंबरदुखीविषयी 47 चाचण्यांचा 2019 सालचा आढावा असे सांगतो की, हा उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या जवळपास तोडीचा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 साली कंबरदुखीत औषधांच्या आधी शेक, मालीश, व्यायाम अशा उपायांचा जो विचार सुचवला त्यात याचाही समावेश केला; ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शनात मात्र 2016 पासून व्यायामाची जोड असेल तरच तो करावा अशी अट आहे, आणि ती अट मला अत्यंत शहाणपणाची वाटते. हाताच्या नेटाने सांध्यांतून आणि स्नायूंतून मज्जासंस्थेकडे संवेदनांचा जो लोंढा जातो, त्याने आखडलेले स्नायू काही काळ सैलावतात आणि वेदनेची धार बोथट होते, असे आजचे स्पष्टीकरण आहे. त्या अवधीत माणूस हिंडू-फिरू लागला, भीती टाकून वाकू लागला, तर खरा लाभ पदरात पडतो. आणि त्या अवधीत तो पुढच्या बैठकीची वाट पाहत पलंगावर पडून राहिला, तर काहीच साधत नाही.

हा धंदा केवळ अडाणी लोकांचा आहे, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेत त्याचे अनेक वर्षांचे पदवी-शिक्षण आहे, आणि 1913 साली कॅन्ससने पहिला परवान्याचा कायदा केल्यापासून 1974 साली लुइझियानाने तो करेपर्यंत एकेक करून सर्व राज्यांनी त्याला मान्यता दिली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या मंडळींवर घातलेल्या बहिष्काराविरुद्ध 1976 साली जी फिर्याद गुदरण्यात आली, तिचा फैसला 1987 साली फिर्यादींच्या बाजूने लागला. हा फैसला पुष्कळदा उपचाराच्या सत्यतेचा दाखला म्हणून पुढे केला जातो. पण तो व्यापारातील बेकायदा संगनमताविषयी होता, उपचाराच्या शास्त्रीयतेची सनद न्यायालयाने दिलेली नाही. याच्या उलट, तान्ह्या मुलांचे पोटशूळ, दमा, कानाचे विकार मणके दाबून बरे होतात या दाव्यांना पुरावा नाही असे लिहिणारे लेखक सायमन सिंग यांच्यावर ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने लावलेला अब्रुनुकसानीचा दावा 2010 साली तिला मागे घ्यावा लागला, आणि त्या प्रकरणातून उठलेल्या चळवळीने तिथल्या अब्रुनुकसानीच्या कायद्याच्या सुधारणेस मोठाच जोर दिला. पाठीचे दुखणे आणि कानाचे दुखणे यांमधली सीमारेषा इथे स्पष्ट दिसते : पहिल्याविषयी मर्यादित पुरावा आहे, दुसऱ्याविषयी तो नाही.

औषध नाही, शस्त्र नाही, म्हणजे हे नैसर्गिक, आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे ही सामान्य गोष्ट आहे, तिची चिंता नको. पण मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. मानेला झटका दिल्यानंतर त्या धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे नमूद आहेत, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 साली असे सुचवले की रोग्याला या संबंधाची कल्पना आधी द्यावी. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 2008 साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साध्या डॉक्टरकडे गेलेल्या लोकांतही असाच संबंध आढळला. म्हणजे धमनी आधीच फाटू लागल्याने मान दुखून काही रोगी उपचारकाकडे येत असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. झटक्याने धमनी फाटली असे माना वा ती आधीच फाटत होती असे माना, व्यवहारातला निष्कर्ष एकच निघतो : एकाएकी उद्भवलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली, डोकेदुखीसह आलेली मान कोणाच्या हाती झटक्यासाठी देऊ नये. न्हाव्याच्या खुर्चीत हौसेने मोडून घेतलेल्या मानेलाही हेच लागू आहे.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे, जिचा उल्लेख मोबाइलवरच्या आकर्षक चित्रफितींत कधी येत नाही. मणक्यांचा क्षय आपल्याकडे अद्याप विरळ नाही. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारे वजन, विसावा घेऊनही न थांबणारी रात्रीची वेदना असेल, तर क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर हाताचा जोर पडून तो ढासळू शकतो आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. वृद्धांची ठिसूळ हाडे, पूर्वी झालेला कर्करोग, पायांतली वाढती दुर्बलता यांतही मणक्यांवर हात टाकण्यापूर्वी डॉक्टरची तपासणी अपरिहार्य आहे. आणि लघवी अडली वा तिच्यावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, तर एक दिवसाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, आणि आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील पद्धतींतही त्याचा अंतर्भाव होत नाही. भौतिकोपचारासाठी महाराष्ट्रात 2002 च्या कायद्यान्वये परिषद आहे, तशा परिषदेची नोंदवही कायरोप्रॅक्टिकच्या बाबतीत उघडून पाहता येत नाही. म्हणून चौकशीची जबाबदारी रोग्यावरच येऊन पडते. शिक्षण कोठे व किती वर्षे झाले, हात लावण्यापूर्वी पूर्ण इतिहास विचारला जातो की नाही, मानेवरच्या उपचाराचे धोके सांगितले जातात की नाही, घरी करण्याचे व्यायाम शिकवले जातात की नाही, हे निःसंकोच विचारावे. आणि कोणी मधुमेह किंवा दमा बरा करण्याची हमी दिली, अथवा वर्षभराच्या बैठकांचे पैसे आगाऊ मागितले, तर तिथून उठून यावे. किती बैठकांनंतर गुण न आल्यास आपण हा उपचार थांबवाल, हाही प्रश्न पहिल्याच दिवशी करावा, आणि चार-सहा आठवड्यांहून लांबची मुदत सांगितली गेल्यास दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत घ्यावे.