आकडा पक्ष्यांचा की शिकाऱ्यांचा?

फुकट मिळणारा, वीस-पंचवीस वर्षांचा सलग डेटा दिसला की आपण लगेच त्यावर प्रपोजल लिहायला घेतो. त्याआधी अमेरिकेतल्या रानटर्कीचं हे उदाहरण बघा.

तिथे वसंतात, साधारण मार्च ते मे, टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो आणि तो मुख्यतः नरांपुरता असतो. शिकारी मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो. मारलेल्या पक्ष्याची नोंद बऱ्याच राज्यांत वन्यजीव खात्याकडे करावी लागते. या नोंदींचा आधार पुढच्या हंगामाचे नियम ठरवताना घेतला जातो, म्हणून त्या चुकीच्या वाचल्या तर भोगावं लागतं पक्ष्यांना.

आता यातला एक आवडता निर्देशांक घेऊ. एक वर्षाच्या नराला तिथे ‘जेक’ म्हणतात. त्याच्या छातीवरचा केसांसारखा झुपका आखूड असतो आणि शेपटीचा पंखा उघडला की मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब दिसतात. हा पक्षी गेल्या वर्षी जन्मलेला. म्हणजे शिकारीत जेक कमी आले तर गेल्या वर्षी पिलं कमी जगली असणार. तर्क सरळ आहे ना?

पण टेक्सासमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, आणि दक्षिणेकडे एकूणच हीच तऱ्हा. चारपाच मित्र किंवा एखादा क्लब मालकाकडून शिकारीचे हक्क भाड्याने घेतो. पुढच्या वर्षीही तीच जमीन आपल्याकडे असणार म्हटल्यावर बरेच गट स्वतःच ठरवतात की जेक मारायचा नाही, त्याला मोठा होऊ द्यायचा. झालं! नोंदीत जेक कमी दिसणार, पिलं भरपूर जगली असली तरी. आपण मोजला क्लबचा नियम आणि नाव दिलं प्रजननदर.

उलटी चूक मला जास्त धोक्याची वाटते. पक्षी कमी झाले, तरी भाडं आधीच भरलंय म्हणून माणसं जास्त दिवस जाऊन बसतात. पक्षी रात्री कुठल्या झाडांवर बसतात हेही त्यांना पाठ असतं. दहाचे दहा पक्षी दरवर्षी मिळत राहतात. पूर्वी त्यासाठी वीस फेऱ्या लागायच्या, आता साठ लागतात, आणि आलेख मात्र सपाट! मासेमारीच्या अभ्यासात याच जातीच्या फसवणुकीला हायपरस्टॅबिलिटी म्हणतात. (मत्स्यशास्त्राचे पेपर वाचायला लाजू नका, मेहनतीचा हिशेब कसा लावायचा हे त्यांनी आपल्याआधी सोसून शिकलंय.)

मग नराच्या ओरडण्यावरून मोजावं का? तिथेही अडचण आहेच. शिकारीचा दबाव असलेल्या जागी नर कमी ओरडतात, असं ध्वनिमुद्रण यंत्रं लावून केलेल्या अभ्यासांत दिसलंय.

म्हणून अशा डेटावर काम करायचं तर ‘किती मारले’ या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने मागा: किती तास बसलात, किती जेक दिसूनही सोडले, आणि जमीन भाड्याची की सरकारी. शिवाय उन्हाळ्यात एका मादीमागे किती पिलं दिसतात याची गणना बरीच राज्यं वेगळी करतात. जेकचा आकडा आधी तिच्याशी ताडून बघा, एक वर्ष मागे सरकवून.