गेलेला कागद, राहिलेली छटा

डार्करूममध्ये वावरणाऱ्या आम्हां मंडळींना एक प्रश्न नेहमी विचारला जातो. तपकिरी झाक देणारा अमुक कागद आता मिळत नाही. त्याच्या जागी कोणता घ्यावा? प्रश्न साधा वाटतो. पण विचारणाऱ्याच्या कपाटात बहुधा अर्धी राहिलेली चित्रमाला असते. वीस चित्रे जुन्या कागदावर उतरलेली, पाच उतरावयाची. ती पाच निळसर काळी निघाली, तर साऱ्या मालेचा सूर बिघडतो.

असे कागद एकामागून एक गेले. अॅग्फाच्या पोर्ट्रिगा रॅपिडची आठवण जुने जाणकार अजून काढतात. २००५ साली अॅग्फाफोटो कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल कागद बंद करण्याचे जाहीर केले. २००७ मध्ये हंगेरीतील फोर्टे कारखान्याने दार लावले व त्याचा पॉलिवॉर्मटोनही गेला.

मग पर्याय शोधावा कसा? त्यासाठी ही छटा येते कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. चित्रातील काळेपणा म्हणजे चांदीचे कण होत. कण जाडसर असले, तर रंग तटस्थ काळा दिसतो. अगदी बारीक असले, तर ते निळा प्रकाश अधिक शोषतात आणि चित्र तपकिरी भासते. नुसत्या ब्रोमाइडपेक्षा क्लोराइड-ब्रोमाइडच्या मिश्र लेपात कण बारीक राहतात. पूर्वी अशा काही लेपांत कॅडमियमचे क्षारही असत. ते विषारी म्हणून वगळावे लागले. तेव्हा नाव तेच राहिले, तरी कागद तोच राहिला असे नाही.

याखेरीज दोन गोष्टी आहेत. एक, खालच्या कागदाचा रंग. पांढराशुभ्र तळ आणि सायीसारखा तळ यांवर एकच चांदी वेगळी दिसते. दुसरी, रसायनांची करणी. डेव्हलपर पातळ केला, त्यात पोटॅशियम ब्रोमाइड थोडे वाढविले, प्रकाश जास्त देऊन डेव्हलपिंग आखडते घेतले, तर छटा उबदार होते. मात्र फार आखडले की काळे भाग फिके पडतात. शेवटी सेलेनियमचे टोनिंग. मिश्र लेपाचा कागद त्यात तांबूस तपकिरी होतो. तटस्थ ब्रोमाइड कागदाचा रंग फारसा हलत नाही. म्हणून हा बदल कोणत्याही कागदावर साधेल, या भरवशावर राहू नये.

आमची रीत अशी. जुना, चांगला उतरलेला एक प्रिंट समोर ठेवावा. त्याच निगेटिव्हच्या पट्ट्या नव्या कागदावर काढाव्यात. आज मिळणाऱ्यांत इल्फर्डचा मल्टिग्रेड वॉर्मटोन घेऊन आरंभ करण्यास हरकत नाही. जुना कागद ठराविक ग्रेडचा असेल, तर येथे फिल्टरने काँट्रास्ट नव्याने जुळवावा लागतो, आणि सेफलाइटही या कागदाला चालणारा आहे की नाही हे तपासावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व पट्टीमागे पेन्सिलीने टिपून ठेवावे. निवाडा ओल्या प्रिंटवर करू नये. वाळल्यावर तो गडद होतो आणि छटाही सरकते. दुसऱ्या दिवशी, खिडकीच्या उजेडात, जुना व नवा शेजारी ठेवून पाहावे.

इतके करूनही हुबेहूब जुळणी साधेलच असे नाही. तेव्हा स्वतःला विचारावे, आपल्याला कागद हवा होता की चेहऱ्यावरची ती ऊब? ऊब हवी असेल, तर ती बहुधा मिळते. कागदच हवा असेल, तर शिल्लक पाकीट त्या पाच चित्रांसाठी राखून ठेवावे. मात्र वापरण्यापूर्वी एक कोरा तुकडा, प्रकाश न देता, डेव्हलप करून पाहावा. तो पांढरा राहिला नाही, तर त्या पाकिटाचाही निरोप घेणे बरे.